करीची पोर

पोळा जवळ आला की मला आधी वार्निसचा वास येतो. बैल आता राहिले कुठे? आदिलाबादला कापसाच्या बाजारामागे आमचं घर. इथे लोक ट्रॅक्टरलाच झेंडूची माळ घालतात, त्यालाच ओवाळतात, आणि पोरं चौकातून मातीचे बैल आणून टीव्हीपुढे मांडतात. तरी श्रावण सरत आला, आभाळ खाली उतरून कपाशीवर टेकलं, की तो वास कुठून तरी येतोच. शिंगं रंगवताना बोटांना लागलेलं लाल-हिरवं वार्निस रॉकेलने घासलं तरी दोन दिवस जात नसे. जेवताना भातालाही त्याचा वास. आता माझ्या हातांना फक्त बामचा वास असतो, पण श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात मी एकदा तरी बोटं नाकाशी नेऊन बघते.

माझं माहेर नार्नूरकडचं, माळ्याचं घर. वांगी, मिरच्या, दोडकी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बाबा हळद कालवलेल्या लोण्याने बैलांचे खांदे चोळायचे आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणायचे, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बैल मान हलवायचे. लहानपणी मला वाटायचं, ते हो म्हणतात. माश्यांसाठी हलवतात हे नंतर कळलं. ते गोठ्याचं दार, ती कंदिलाची काच, ओल्या शेणावरून उठणारी वाफ, सगळं मला दिसतं, फक्त ऐकू येत नाही. बाबांचे ओठ हलतात, बैलांच्या गळ्यातल्या घंटा हलतात, पाऊस पडत असतो तोही बिनआवाजाचा. म्हातारपणी आठवणी अशाच येतात. कान आधीच गेलेले असतात ना.

पोळ्याच्या दिवशी दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या उभ्या करायच्या. त्यांना मेढे म्हणतात. बैल दारात आले की पाय धुवायचे, पुरणपोळी भरवायची, मग घरच्यांनी जेवायचं. दुसरा दिवस म्हणजे कर. करीच्या पहाटे ते मेढे उपटायचे, जुना झाडू, फुटकी टोपली बरोबर घ्यायची आणि सगळ्या गावाने ओरडत शिवेवर जायचं. खोकला घेऊन जा, ताप घेऊन जा, डास घेऊन जा. पोरं महिनाभर ज्या बांबूच्या गेड्यांवर चढून चिखलातून हिंडायची, त्या गेड्याही तिथेच मोडायच्या. सगळं टाकायचं आणि मागे न बघता घरी यायचं. पोळ्याला बोलवायचं, करीला हाकलायचं. मध्ये एक रात्र.

आमच्या घरी पंचांग बघून नाव ठेवत नसत. जवळचा सण बघायचा आणि त्यावरून नाव ठेवायचं. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि तीन भावांत मी एकटी बहीण. शाळा चौथीपर्यंत, पण सण तोंडपाठ. सात पोरांच्या कानांत मी नावं सांगितली. नागपंचमीचा नागोराव, तो आजही गांडुळाला भितो. दसऱ्याचा दशरथ. संक्रांतीची तिळा, तिच्या जिभेवर गूळ कधी ठेवलाच नाही का, असं तिची सून मला विचारते. तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात आली ती तुळसा, तिचंच लग्न जमता जमत नव्हतं. शाळेत मास्तरांनी साऱ्यांची जन्मतारीख जून महिन्यातली लिहून टाकली, म्हणून आमच्या पोरांना खरा वाढदिवस असा सणच राहिला. नाव हाच दाखला, आणि तो दाखला देणारी मी.

सातवी धाकट्या भावाची नंदा. पोळ्याची म्हणून नंदीवरून नंदा. हे नाव सगळ्यांत गोड निघालं, आणि तेवढंच एक खोटं होतं.

या वर्षी नंदाच्या सुनेचे दिवस भरत आले ते नेमके पोळ्याला. नंदा आता निवृत्त मास्तरीण आहे, आदिलाबादलाच राहते, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. सून स्रवंती बेल्लमपल्लीची, कोळशाच्या खाणीच्या क्वार्टरात वाढलेली. घर मराठी, पण आकडे तेलुगूत मोजते आणि चिडतेही तेलुगूत. नंदाची मुलगी मेघा हैदराबादला असते. होणारी आत्या ती. महिनाभर तिने फोनवरून नावं पाठवून आईला भंडावून सोडलं, आणि शेवटी पोळ्याचं बाळ म्हणून नंदिनी ठरलं. मुलगा झाला तर नंदन.

पोळ्याच्या दुपारी नंदा माझ्या स्वयंपाकघरात उभी होती. दर वर्षी येते. बैलांचा घास काढून झाला की पहिली पोळी तिला, हा आमच्या घरचा नेम. बाबांनी लावलेला. आता बैल नाहीत तरी मातीच्या बैलापुढे पान ठेवते आणि पुढची पोळी नंदाला देते.

"आमच्या घरात पोळ्याचं लेकरू नशिबाचंच निंगते," ती तूप चाटत स्रवंतीला म्हणाली. "इचार आत्याले."

स्रवंती माझ्याकडे बघू लागली. मी मान हलवली. बैलासारखी.

बाळ त्या दिवशी आलंच नाही. आलं दुसऱ्या दिवशी सकाळी. मुलगी. करीची.

फेकाबाई म्हणून एक बाई आमच्या वांग्यात निंदायला येत असे. मी लहान होते तेव्हा ती तिशीची असेल. अंगाने काटक, हाताला चपळ. वाफ्याच्या या टोकावरून कोणी हाक मारली, "ए फेके, विळा आन," तर ती हाक शेतभर जायची. ती करीला जन्मलेली. आमच्या गावात तेव्हा रीत होती. करीला पोर झालं तर मेढ्यांचा पाला सुकायच्या आत त्याला सुपात घालून शिवेवर न्यायचं, टाकलेल्या केराशेजारी ठेवायचं आणि पाठ फिरवायची. मग दुसऱ्या घरच्या कोणीतरी ते उचलून आणून परत द्यायचं. म्हणजे आलेला दोष शिवेवरच राहतो म्हणे. पोर परत मिळायचं, पण नाव मिळायचं टाकलेलं. मुलगा असला तर फेक्या, मुलगी असली तर फेकी.

एकदा दुपारी बांधावर भाकर खाताना मी तिला विचारलं होतं, नावाचं वाईट वाटतं का. ती कांदा फोडत म्हणाली, "नावाचं काय घेऊन बसली, बाई? मले टाकलं हे साऱ्या गावाले ठावं. मले उचललं कोनं, हे एकही जन इचारत नाई."

"कोनं उचललं?"

"पोशव्वानं."

पोशव्वा आमच्या गावची दाई. तेलुगू बाई, मराठी बोलायची पण मधेच अर्धं वाक्य तेलुगूत जायचं. उंच, एका डोळ्यात फूल पडलेली. गावातली निम्मी माणसं तिने आधी पाहिली आणि मग त्यांच्या आयांनी.

धाकट्या भावाची बायको सरू. तिला माहेरी आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण आमच्याकडेच. त्यासाठी मी सासरहून पोळ्याला आले होते. रात्रभर ती कळा देत राहिली. पहाटे आभाळ असं भरून आलेलं की उजाडलं की नाही कळेना. माय म्हणजे माझी आई, ती दारातले मेढे उपटून निघाली. बाप्ये, पोरं, सगळे तिच्यामागे. ओरडा दूर दूर गेला. घरात मी, सरू आणि पोशव्वा. दाराच्या दोन्ही बाजूंना मेढ्यांची दोन भोकं राहिली होती, त्यांत पाणी साचत होतं. ती भोकं मला अजून दिसतात. स्वप्नात येतात कधी कधी, विहिरीएवढी होऊन.

पोर आलं तेव्हा ढगाला एक फट पडली. परसातल्या लिंबावर पिवळा उजेड आला आणि गेला. सूर्य कासराभर वर होता. मी पाहिलं, पोशव्वाने पाहिलं. सरूने पाहिलं नाही, पण तिला कळलं. ती आधी पोरीकडे बघायची सोडून माझ्याकडे बघू लागली.

"बाई," ती म्हणाली, "सुपात नका घालू हो हिले."

मला दया आली, असं मी सांगणार नाही. तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांची, स्वतःचं एक मूल सासरी ठेवून आलेली, रात्रभर जागी, कंबर मोडलेली. माझ्या डोक्यात एकच आलं. बाराव्या दिवशी या पोरीच्या कानात फेकी हे नाव सांगायचं होतं, आणि ते माझ्या तोंडाने सांगायचं होतं. ते तोंड मला तयार करता येईना.

ओरडणारी माणसं परत येऊ लागली, तशी मी दारात जाऊन उभी राहिले. माय पदराने डोकं पुसत आली.

"झाली?"

"झाली. पोरगी. तुमी गल्लीच्या वळनावर असान तेव्हाच. दिवस निंगाचाच होता."

आमच्यात दिवस बदलतो तो सूर्य उगवल्यावर. त्याआधीचं सगळं आदल्या दिवसाचं. मायने वर बघितलं. वर नुसती गोधडी पसरल्यासारखं आभाळ. सूर्य कुठे आहे हे देवालाही सांगता आलं नसतं. मग तिने आत पोशव्वाकडे बघितलं. पोशव्वा नाळ पुरायला खड्डा खणत होती. तिने मान वर केली नाही.

"पोळ्याचीच हाय," ती म्हणाली. आणि माय आत गेल्यावर माझ्याजवळून जाताना हळूच, "एकीले उचललं म्या. चालु अम्मा, चालु." पुरे, बाई, पुरे.

आता सरू नाही, पोशव्वा नाही. माय तर कधीच गेली. तो कासराभर सूर्य जगात माझ्या एकटीच्या डोळ्यांत राहिला होता.

नंदा वाढली ती पोळ्याची म्हणून. बैलाच्या शिंगाला पहिलं बोट तिचं. तोरणाखालून बैल सुटायचे तेव्हा बाबा तिला खांद्यावर घ्यायचे. झुलींची गर्दी, भिजलेल्या बैलांचा उबट वास, आणि त्या सगळ्याच्या वर लाल फ्रॉकातली ती पोर, नंदीवर बसल्यासारखी. मला ते बघून बरं वाटायचं. चोरी पचलेल्या माणसाला वाटतं तसं. पुढे ती शिकली, नोकरीला लागली, आणि जे काही चांगलं झालं ते पोळ्याच्या खाती टाकत गेली. पोळा तर अमावस्येचा. पण लोक अमावस्येला भितात आणि पोळ्याला नटतात, तिचंही तसंच. दिवस मानायची ती, फार मानायची. दोन वर्षांपूर्वी मुलासाठी उटनूरचं स्थळ आलं होतं. मुलगी शिकलेली, नीटस. नंदाने ते परत पाठवलं, कारण मुलीच्या आजीच्या तोंडून सहज निघून गेलं की ती करीची. त्या दिवशी मी तिथेच बसले होते. चहा पीत होते. पिऊन घरी आले.

बाळ झालं त्या दुपारी मी रिक्षाने दवाखान्यात गेले. नंदा व्हरांड्यात बाकड्यावर बसलेली. मांडीवर पिशवी, पिशवीतून तिने विणलेल्या पिवळ्या टोपीचा गोंडा बाहेर आलेला.

"पोरगी कशी हाय वं?"

"हाय."

"हातात घेतली?"

"नर्सनं दाखवली."

"मी इचारलं काय, तू सांगतं काय?"

तिने गोंडा पिशवीत आत ढकलला. "म्या पोराले धाडलं होतं, दाखल्यावर कालचा दिवस लिहून भेटते का पाहाले. नाई म्हने. चिठ्ठीवर घंटा-मिनिट छापून येते आता."

"बरं झालं."

"काय बरं झालं? साऱ्या गावाची घान टाकाचा दिवस, आत्या. मेघाले मी सांगून देल्लं, नंदिनी ठेवाचं नाई. पोळ्याचं नाव हाय ते. दुसरं पाहा."

"पाहून ठेवलं मी," मी म्हटलं. "फेकी ठेव."

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तोंडावर थुंकले. "तुले बोलवते तरी कसं, आत्या? नात हाय माझी."

"हाय ना? मंग बाहेर काऊन बसून राह्यली?"

दार अर्धं उघडं होतं. आतून स्रवंती म्हणाली, "आजी, तुमी तरी या. सकाळपासून पोरीले पाहाले कोनी येऊन नाई राह्यलं." आवाज रडका नव्हता. सांगितल्यासारखा होता, म्हणून तो मला जास्त लागला. तसाच आवाज मी एकदा ऐकला होता. सुपात नका घालू हो हिले.

व्हरांड्याबाहेर बारीक पाऊस लागला होता. आभाळ तेच, गोधडीसारखं. मी बाकड्यावर नंदाच्या शेजारी बसले आणि सांगून टाकलं. मेढ्यांची भोकं, पोशव्वा, ढगाची फट, लिंबावरचा पिवळा उजेड. सजवून सांगता येत नाही मला. दहा वाक्यांत झालं.

तिने शाळेत चूक पकडतात तसं विचारलं, "सूर्य केवढा वर आलता?"

"कासराभर."

"नक्की?"

"नक्की."

"माझ्या मायले ठावं होतं?"

"तिच्याच पोटातून आलती तू. ठावं नसनार?"

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण हसू झालं नाही. "त्या उटनूरच्या पोरीले म्या..." ती म्हणाली आणि थांबली.

"हो. आन मी चहा पीत बसली होती."

हे मला फार उशिरा कळलं, पण कळलं ते लिहिते. मी त्या सकाळी एका पोरीला वाचवलं, पण तो दिवस तसाच वाईट राहू दिला. मी म्हणायला हवं होतं की करीची आहे, आणि करीची म्हणूनच नांदेल. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं. मी फक्त सूर्य थोडा खाली ढकलला. मग त्या दिवसाची भीती कुठे जाणार? ती त्याच पोरीच्या, नंदाच्या, डोक्यात घर करून बसली. मी ज्या दिवसापासून तिला लपवलं, त्याच दिवसाला ती आयुष्यभर भीत राहिली.

नंदा उठली. पिशवीतून टोपी काढली, झटकली, आणि आत गेली. माझ्याकडे वळून बघितलं नाही. मी व्हरांड्यात पाऊस बघत राहिले. पागोळ्या पडत होत्या. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला, मग थांबला. मला तो ऐकू आला, माझ्या या कानांना. मी रिक्षा बघितली आणि घरी आले.

पुढचे अकरा दिवस ती माझ्याकडे फिरकली नाही. दोन गल्ल्यांचं अंतर. मी फोन केला नाही. मला माफी मागता येत नाही, आणि तिला ते माहीत आहे. ऊन पडायचं, जायचं. गौरी-गणपतीची गडबड बाहेर चालू झाली होती. मी खाटेवर पडून नावं आठवत बसायचे. नागोराव, दशरथ, तिळा, तुळसा. सणांची नावं. पण पोरांना काय माहीत सणाचं? ती आपली आली, कोणी उन्हाची, कोणी पावसाची. सण आपला, भीती आपली, नावही आपलं. त्यांचं फक्त रडणं. डोळा लागायचा आणि मला दिसायचं, शिवेवर पळसाच्या सुकत्या फांद्यांत एक सूप ठेवलेलं आहे, आणि त्यात मी आहे, या वयाची, पांढऱ्या केसांची, पाय दुमडून. आणि दुरून एका डोळ्यात फूल पडलेली उंच बाई येते आहे. ती जवळ यायच्या आत मी जागी व्हायचे.

बाराव्या दिवशी स्रवंतीचा फोन आला. "आजी, रिक्षा धाडली. पाळना बांधून झाला."

घरात बायकांची दाटी. मेघा हैदराबादेहून आलेली, नवी साडी सावरत. नंदाने मला हाताला धरून पाळण्याजवळच्या खुर्चीवर बसवलं. पोर पिवळ्या टोपीत झोपलेली, कपाळाला आठी. आमच्याकडची आठी.

बायकांनी पाळण्याची दोरी धरली. मेघा वाकली, तिच्या पाठीत धपाटे घालायला दोघी-तिघी हात उगारून तयार. तेवढ्यात नंदा म्हणाली, "थांब, मेघे."

सगळे हात वरच राहिले.

"आंधी दिवस सांग तिले. मंग नाव."

मेघाला काही कळलं नाही. तिने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी नुसतं बघत राहिले. या खेपेला मान हलवली नाही. मेघा पुन्हा वाकली आणि बाळाच्या कानाशी म्हणाली, सगळ्यांना ऐकू येईल एवढ्या आवाजात, "तू करीची हायेस. करीच्या सकाळची." आणि मग हळू, रिवाजाप्रमाणे, "नंदिनी." धपाटे पडले, बायका हसल्या. कोपऱ्यातली एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, करीची म्हनलं का वं हे? हो, म्हनलं, शेजारीण म्हणाली, आणि घुगऱ्यांची परात पुढे आली.

नंदाने माझ्या ओंजळीत घुगऱ्या घातल्या. घालताना वाकली, माझ्या कानाशी, आणि बारा दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"पुढच्या पोळ्याले मले पोळी नको देऊ, आत्या."

मी तिच्याकडे मान वळवली.

"दुसऱ्या दिवशी दे," ती म्हणाली. "आमाले दोघीले. शिळी चालते."